कॅमेरा कुठे उभा आहे?

सिनेमा सुटला की पार्किंगपर्यंत पोहोचेस्तोवर एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘फोटोग्राफी एक नंबर होती.’ बहुतेक वेळा त्या वाक्यामागे डोंगर असतात, धुकं असतं, नाहीतर ड्रोनने वरून दाखवलेल्या हिरव्या बागा असतात. देखणी जागा देखणी दाखवणं तसं सोपं. आपल्या नाशिकमध्ये तर फारच सोपं. श्रावणात ब्रह्मगिरीवर ढग उतरलेले असताना कुणीही मोबाइल धरला तरी फोटो बरा येतो. पण एखाद्या कोंदट खोलीत, पिवळ्या बल्बखाली, दोन माणसं नुसती बसून बोलतायत आणि तरी आपली नजर हलत नाही, तेव्हा छायालेखकाने काय केलेलं असतं? ते ओळखायला तांत्रिक शिक्षण लागत नाही. एक प्रश्न मात्र सतत विचारत राहावा लागतो: कॅमेरा कुठे उभा आहे, आणि तिथेच का?

या एका उत्तरावर पुष्कळ गोष्टी ठरतात. माणूस किती मोठा दिसणार, त्याच्या मागे काय दिसणार, कोण आपल्याला जवळचं वाटणार आणि कोण परकं, हे सगळं त्यातून येतं.

रामकुंडावर जाऊन पाहू. भावाच्या अस्थी विसर्जित करून एक माणूस पायरीवर बसलाय, असं समजा. कॅमेरा अहिल्याबाई होळकर पुलावर लावला तर तो माणूस दिसेल, पण शेकडो माणसांतला एक म्हणून. शेजारी कुणी आंघोळ करतंय, कुणी पितळी गडवा भरून घेतंय, पोरं पाण्यात उड्या मारतायत. दुःख त्याचं आहे, पण घाटाचा दिवस नेहमीसारखाच चाललाय, असं हा शॉट सांगतो. आता कॅमेरा खाली आणा, त्याच्याच पायरीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, हातभर अंतरावर. चौकटीत फक्त चेहरा. गर्दी गेली कुठेच नाही, ती आता आवाज होऊन राहिलीय. हा क्लोज-अप. तिसऱ्या वेळी कॅमेरा त्याच्या पाठीमागे लावा. त्याची मान आणि एक खांदा दिसतो, पुढे पाणी. चेहरा दिसत नाही, पण तो काय बघतोय ते आपण त्याच्या जागेवरून बघतो.

माणूस तोच, पायरी तीच, वेळही तीच. तीन जागांवरून तीन वेगळ्या गोष्टी सांगून झाल्या. यातला कुठला शॉट चांगला, हे नुसता शॉट बघून ठरवता येत नाही. गोष्ट कुणाची आहे आणि ती आत्ता कुठल्या वळणावर आहे, त्यावर ते ठरतं. म्हणून ‘लो अँगल (खालून वर बघणारा कॅमेरा) म्हणजे ताकद, टॉप अँगल (वरून खाली बघणारा) म्हणजे लाचारी’ असले जे ठोकताळे सांगितले जातात, ते सुरुवातीला कामाला येतात आणि लवकरच तोकडे पडतात.

मराठीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते ‘फँड्री’मध्ये, म्हणून तिथे जरा थांबतो. नागराज मंजुळे यांचा हा 2013 सालचा सिनेमा, छायालेखक विक्रम अमलादी. गावातली डुकरं पकडायचं काम जब्या या शाळकरी पोराच्या घरच्यांवर येतं, आणि शाळेतली पोरं, गावची टवाळ मंडळी तो तमाशा बघत बसतात. या प्रसंगात कॅमेरा बराच वेळ बघ्यांच्या बाजूने असतो. म्हणजे आपणही बघ्यांत असतो. पकडापकडी बघताना हसू येतं आणि त्या हसण्याची लाजही वाटायला लागते. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, बाप थांबतो, सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर त्यांच्या डोळ्यांदेखत निवांत निघून जातं. चौकटीतली सगळी माणसं स्तब्ध आणि हलतंय फक्त जनावर. या प्रसंगाला दुसरा कुठलाही संवाद जोडला असता तरी तो कमीच पडला असता.

पुढे डुक्कर बांधून घरचे लोक घेऊन निघतात, तेव्हा मागे शाळेची भिंत आहे. तिच्यावर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले अशी चित्रं रंगवलेली. माणसं चौकटीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात आणि भिंतीवरचे चेहरे मागे राहतात. इथे कॅमेरा भिंतीकडे समोरून बघतो. तो थोडा तिरका लावला असता, किंवा चालणाऱ्यांच्या चेहऱ्यांजवळ नेला असता, तर भिंत नुसती पार्श्वभूमी झाली असती. समोरून लावल्यामुळे भिंत आणि माणसं एकाच पातळीवर येतात, आपल्याला दोन्ही एकदमच वाचावं लागतं. नंतर शेवटचा शॉट. जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याकडे. तोवर बघ्यांच्या मागे सुरक्षित उभे असलेले आपण आता टोमणे मारणाऱ्याच्या जागी उभे असतो. कॅमेऱ्याची जागा बदलली आणि प्रेक्षकाची बाजूही बदलली. गेल्या काही वर्षांतल्या मराठी सिनेमात कॅमेरा लावण्याचा याहून नेमका निर्णय मला माहीत नाही.

जागेनंतर लेन्स. इथे लोक घाबरतात, कारण पुढे मिलिमीटरचे आकडे येतात. आकडे बाजूला ठेवा आणि मोबाइल हातात घ्या. आशेवाडीच्या वाटेवर, रामशेज किल्ला मागे येईल असं मित्राला उभं करा. आधी कॅमेरा 1एक्सवर ठेवून दोन पावलांवरून फोटो काढा, कमरेपासून वरचा मित्र चौकटीत येईल असा. आता 3एक्स करा आणि मागे मागे जा. मित्र पहिल्या फोटोत होता तेवढाच दिसायला लागला की थांबा आणि दुसरा फोटो काढा. मित्राचा आकार दोन्ही फोटोंत सारखाच, पण पहिल्यात लांब राहिलेला रामशेज दुसऱ्यात त्याच्या खांद्याशी येऊन बसलेला दिसेल, जवळजवळ तिप्पट मोठा. जादू काही नाही. तुम्ही मित्रापासून तिप्पट लांब गेलात, किल्ल्यापासूनचं अंतर मात्र होतं जवळपास तेवढंच राहिलं. मित्राला पुन्हा मोठा करायला लेन्सने जेवढं ओढलं, तेवढाच किल्लाही ओढला गेला.

सिनेमात याचा उपयोग भावनेसाठी होतो. लांबून टेली लेन्स, म्हणजे लांबचं ओढून जवळ आणणारी लेन्स, लावली की गर्दी माणसाला चिकटते, रस्ता आखडतो, धावणारा माणूस कितीही धावला तरी पुढे सरकतोय असं वाटत नाही. वाईड, म्हणजे रुंद परिसर चौकटीत घेणारी लेन्स घेऊन जवळ गेलं की उलटं होतं: खोली मोठी होते, माणसामाणसांतलं अंतर ताणलं जातं, चेहरा फार जवळ आला तर नाक मोठं आणि विचित्र दिसतं. टेलीमध्ये मागचं धूसर करणंही सोपं जातं. हल्ली वेबसिरीजमध्ये प्रत्येक क्लोज-अपच्या मागे दिव्यांचे गोल गोल ठिपके असतात, ते त्यामुळेच. दिसतात छान, पण पात्र कुठल्या घरात, कुठल्या गावात बसलंय हे त्यात पुसलं जातं. गोष्टीला गाव हवं असेल तर हे मोठं नुकसान आहे.

चौकटीच्या आकाराबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मोबाइलमुळे तर ते आता बोलायलाच हवं. जुन्या सिनेमाची चौकट साधारण 4 ला 3 असायची, चौरसाच्या जवळची. मग सिनेमास्कोप आला, म्हणजे उंचीच्या जवळपास अडीचपट रुंद पडदा. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’, 1959 सालचा, छायालेखक व्ही. के. मूर्ती. त्यातलं ‘वक्त ने किया’ हे गाणं रिकाम्या स्टुडिओत आहे. दोन माणसं एकमेकांपासून लांब उभी आहेत, मध्ये अंधार, आणि वरून तिरका येणारा प्रकाशाचा झोत. त्यांना एकमेकांकडे जाता येत नाही, ही त्या गाण्याची गोष्ट. ती सांगायला एवढी रुंद चौकट लागतेच, कारण मधलं रिकामं अंतर हेच तिथलं तिसरं पात्र आहे. आता हेच गाणं रीलवर येतं तेव्हा उभ्या चौकटीत बसवायला दोन्ही बाजू कापतात. हिशेब केला तर मूळ चित्राचा जेमतेम चौथा भाग उरतो. उरतो एक चेहरा. तो सुंदर आहेच, पण मूर्तींनी रचलेलं अंतर गेलं. जुनं गाणं आवडलं तर ते एकदा तरी फोन आडवा धरून, पूर्ण चौकटीत बघा.

तो झोत कसा आणला, हेही सांगितलं पाहिजे. मूर्तींनी स्टुडिओबाहेरचं ऊन दोन मोठ्या आरशांवरून परतवत आत घेतलं. स्टुडिओतल्या दिव्यांचा प्रकाश पसरतो, सूर्याचे किरण समांतर येतात, म्हणून त्या झोताला इतकी धारदार कड आहे. पुढे 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला. छायालेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

प्रकाशाकडे बघायला शिकलं की निम्मं छायाचित्रण कळतं, असं मला वाटतं. पहिली पायरी सोपी आहे: उजेड कुठून येतोय ते शोधायचं. खिडकीतून, वरून, पाठीमागून? चेहऱ्याची कुठली बाजू काळी राहिलीय? गोदाघाटावर याचा धडा रोज सकाळी फुकट मिळतो. रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे पंचवटी पूर्वेला येते. सकाळी सातला जुन्या नाशिकच्या काठावरून पंचवटीकडे बघा. सूर्य समोर, माणसं म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या, आणि डोक्याभोवती सोनेरी कड. पूल ओलांडून पलीकडे जा आणि उलट बघा. आता ऊन तुमच्या पाठीशी आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर, सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. पहिला बॅकलाइट, दुसरा फ्रंट लाइट. ‘प्यासा’मध्ये मेलेला समजला गेलेला कवी स्वतःच्याच स्मृतिसभेत येऊन दारात उभा राहतो, तेव्हा गुरुदत्त आणि मूर्ती यांनी उजेड त्याच्या पाठीमागे ठेवलाय. हात पसरलेली काळी आकृती दिसते, चेहरा नाही. सभेतल्या लोकांनाही क्षणभर तो कोण ते कळत नाही आणि आपणही त्या सभेतच बसलेलो असतो.

याच्या उलट टोकाला छायालेखक सुब्रत मित्र आहेत. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’पासून (1955) ते त्यांच्या बरोबर होते, आणि त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. पुढच्या वर्षीच्या ‘अपराजितो’साठी काशीतल्या घराचा चौक स्टुडिओत उभारायचा होता. जुन्या नाशकातल्या वाड्यात कधी गेला असाल तर तिथला उजेड आठवा. चौकात ऊन थेट फार कमी वेळ उतरतं. एरवी वरच्या आभाळाचा मऊ उजेड सगळीकडून झिरपतो आणि कुणाचीच ठळक सावली पडत नाही. काशीच्या घरांतही तसंच. स्टुडिओतले दिवे थेट टाकले असते तर भिंतीवर दोन-दोन सावल्या पडल्या असत्या आणि सेट सेटच वाटला असता. सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि तिथून परत येणारा उजेड खाली घेतला. आज कुठल्याही शूटिंगला थर्मोकोलचे पांढरे पत्रे धरून उभी असलेली पोरं दिसतात, ती याच तत्त्वावर काम करतात. प्रकाश इतका खरा वाटतो की तो केलेला आहे हे लक्षातही येत नाही. अशा कामाला टाळ्या पडत नाहीत, म्हणून ते मुद्दाम ओळखायला शिकावं लागतं.

‘शोले’मधला दिवे मालवायचा प्रसंग बघा. जय खाली बसून माऊथ ऑर्गन वाजवतोय, वर हवेलीच्या व्हरांड्यात राधा एकेक दिवा मंद करतेय. छायालेखक द्वारका दिवेचा. सूर्य बुडाल्यानंतरचा निळसर उजेड काही मिनिटंच टिकतो. तेवढ्यात जे मिळेल ते घ्यायचं आणि उरलेल्यासाठी दुसऱ्या संध्याकाळची वाट बघायची, असं करत हा छोटा प्रसंग कित्येक दिवस चालला. दोघांत एक शब्द बोलला जात नाही. ती वर, तो खाली, मध्ये विझत जाणारा उजेड.

कॅमेऱ्याच्या हालचालींची नावं पुष्कळ आहेत, तीन लक्षात ठेवली तरी भागतं. पॅन म्हणजे कॅमेरा जागेवरच उभा राहून मान फिरवतो. ट्रॉली म्हणजे कॅमेरा स्वतःच्या पायांनी पुढे-मागे जातो. झूममध्ये तो जागा सोडत नाही, फक्त लेन्स चित्र ओढून घेते. झूम आणि ट्रॉली ओळखायची खूण अशी: ट्रॉलीत जवळच्या वस्तू भराभर सरकतात आणि लांबच्या हळू, त्यामुळे आपण चालत जातोय असं वाटतं, झूममध्ये सगळं चित्र एकदमच मोठं होतं. हँडहेल्ड, क्रेन, ड्रोन ही त्याच घराण्यातली पुढची मंडळी. ड्रोनबद्दल एवढंच सांगावंसं वाटतं की आकाशातून बघणारा माणूस गोष्टीत कोण आहे, हा प्रश्न विचारला तर निम्मे ड्रोन शॉट गळून पडतील.

न हलणारा कॅमेरा यापेक्षा समजायला अवघड आहे. त्यासाठी आपल्याच माणसाकडे जायला लागेल. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे त्यांची चित्रपट कंपनी नाशिकात होती आणि 1944 साली ते गेलेही इथेच. त्यांच्या सिनेमातला कॅमेरा बहुतेक वेळा स्थिर, समोर, नाटकाच्या मधल्या रांगेत बसल्यासारखा. हाताने दांडा फिरवून चालवायचा कॅमेरा तिपाईवर असताना तो हलवणं सोपं नव्हतं, आणि प्रेक्षकही रंगभूमीवरून आलेला होता. पण फाळक्यांना कॅमेऱ्याची ताकद कळली नव्हती असं कुणी म्हणू नये. सिनेमा काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याचं अंकुरणं रोज थोडं थोडं टिपलं आणि कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. 1919 सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी गोष्ट सुरू होण्याआधी जवळून दिसते, नुसता चेहरा, एकामागून एक बदलणारे भाव. मधल्या रांगेतला प्रेक्षक अचानक रंगमंचावर चढून तिच्यासमोर येतो. पुढे यमुनेखाली कालियाशी झुंज चाललेली असताना काठावरची घाबरलेली माणसंही आपल्याला दिसत राहतात. कॅमेरा दोन्हीकडे असतो, प्रेक्षकालाही दोन्हीकडे ठेवतो.

आता 95 वर्षं पुढे या. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, 2014 सालचा, छायालेखक मृणाल देसाई. हवा तसा हलणारा कॅमेरा हाताशी असताना इथे तो मुद्दाम स्थिर आणि लांब ठेवलाय. कोर्टरूम पूर्ण दिसते: न्यायाधीश, वकील, बाकावर ताटकळणारी माणसं. लोककवीचा खटला महत्त्वाचा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, पण चौकट त्याला मोठा करत नाही. तो त्या दिवसाच्या यादीतला एक खटला. क्लोज-अप नसल्यामुळे कुणाकडे बघायचं ते आपणच ठरवायचं. सुरुवातीला हे जड जातं. मग नजर फिरायला लागते, मागच्या बाकावरचा कंटाळलेला चेहरा सापडतो, कागद उलटणारा कारकून सापडतो, आणि या व्यवस्थेत माणूस कसा झिजतो ते कुणी न सांगता दिसतं. शेवटाकडे सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवले जातात, खोली काळी होते. सिनेमा संपला असं वाटतं. पण तो संपत नाही, न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. माणसं निघून गेल्यावरही रिकाम्या खोलीकडे बघत थांबायचं धाडस फार थोडे दिग्दर्शक करतात.

रचनेचे नियमही असतात. चौकटीचे तीन भाग पाडा आणि माणसाला मधोमध न ठेवता एका रेषेवर ठेवा. तो ज्या बाजूला बघतोय तिकडे थोडी मोकळी जागा सोडा. डोक्यावर फार आभाळ ठेवू नका. नवशिक्याच्या हातून फोटो बिघडू नये म्हणून ते चांगलेच आहेत. सिनेमा बघताना मात्र ते कुठे मोडलेत याकडे लक्ष द्या. माणूस कडेला दाबून त्याच्या पाठीमागेच मोकळी जागा सोडली असेल, तर बहुधा त्याच्या मागून काहीतरी येणार आहे, किंवा त्याला पुढे जायला वाट उरलेली नाही.

सवय लावून घ्यायची तर आधी पाहिलेला, गोष्ट पाठ असलेला सिनेमाच घ्यावा. नव्या सिनेमात पुढे काय होणार यातच मन गुंतलेलं असतं. आख्खा सिनेमाही नको, पाच मिनिटांचा तुकडा पुरे. आवाज बंद करा. शॉट बदलला की थांबवा आणि आधीच्या शॉटमध्ये आपण कुठे होतो, आता कुठे आलो, एवढंच बघा. बोलणाऱ्याच्या तोंडावर आहोत की ऐकणाऱ्याच्या? बरेचदा चांगला छायालेखक आणि दिग्दर्शक ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबलेले सापडतील.

कुठून सुरू करावं असं विचाराल तर मी ‘चारुलता’ सुचवेन, 1964 सालचा, सत्यजित राय आणि सुब्रत मित्र यांचाच. सुरुवातीची काही मिनिटं जवळजवळ संवादच नाहीत. मोठ्या घरात एकटी असलेली चारू छोटी दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीकडे जाते, झडपांच्या फटीतून रस्त्यावरची माणसं बघते. माकडवाला, छत्रीवाला लठ्ठ माणूस. ती जाते तसा कॅमेरा जातो, तिला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या जवळून निघून जातो, तिच्याकडे न बघता. ती तीच दुर्बीण उचलून त्याच्याकडे बघते. तो घरातच आहे, काही पावलांवर. इथे थांबवा आणि कॅमेरा कुठे आहे ते पाहा. मग हाच भाग पुन्हा आवाज लावून बघा, कारण तिला खिडकीकडे आधी ओढतात ते रस्त्यावरचे आवाज.